कुटुंबासह गाडीने लांबचा प्रवास आणि खर्चाची बचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की साधारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एकाच गोष्टीविषयी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत आणि जेथे दोन विषय एकमेकांत गुंततात तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे लिटर, किलोमीटर आणि टक्के यांत आहेत. त्यांना आपल्याकडील दराने गुणून रक्कम काढावी.

१. एकूण किती खर्च येईल, याचा अंदाज निघण्यापूर्वी कसा बांधायचा?

खर्च पाच ठिकाणी होतो: इंधन, टोल आणि पार्किंग, मुक्काम, खाणेपिणे, आणि प्रवेशशुल्क किंवा खरेदी. यांपैकी पहिले दोन मुख्यतः अंतरावर अवलंबून असतात, मधले दोन दिवसांवर, आणि शेवटचा आपल्या मनावर. इंधनासाठी जाण्यायेण्याचे अंतर घेऊन त्यात मुक्कामाच्या ठिकाणी होणारी फिरती मिळवावी, कारण बहुतेकांचा अंदाज चुकतो तो या फिरतीमुळेच. समजा, सगळे मिळून १,२०० किलोमीटर होणार आहेत आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला १५ किलोमीटर आहे. तर ८० लिटर इंधन लागेल. गाडी काळजीपूर्वक चालवून अ‍ॅव्हरेज १० टक्क्यांनी सुधारले, तर वाचेल सुमारे ७ लिटर. ही बचत करावीच, पण याच ७ लिटरसाठी आटापिटा करणारी माणसे मुक्कामाची एक रात्र मात्र फारसा विचार न करता वाढवतात. म्हणून आधी दिवस ठरवावेत, मग अंतर, आणि सर्वांत शेवटी इंधनाकडे वळावे.

२. स्वतःची गाडी नेणे खरोखर स्वस्त पडते का, की रेल्वे किंवा बस बरी?

रेल्वेचे किंवा बसचे तिकीट माणशी असते. गाडीचे इंधन मात्र एक जण बसला काय आणि पाच जण बसले काय, जवळजवळ तेवढेच लागते. त्यामुळे चार-पाच जणांच्या कुटुंबाला गाडी बहुधा स्वस्त पडते आणि दोघांना बहुधा पडत नाही. तुलना करताना एक चूक सर्रास होते. गाडीच्या बाजूला फक्त इंधन मांडले जाते आणि टायरची झीज, ऑइल बदलणे, वाढत्या किलोमीटरमुळे घटणारी गाडीची किंमत हे खर्च आज खिशातून जात नाहीत म्हणून सोडून दिले जातात. दुसरीकडे, रेल्वेने गेल्यास स्टेशनपासून पुढे लागणारी वाहने हिशेबात धरली जात नाहीत. मोठ्या शहरात तीन-चार दिवस राहायचे असेल, तर गाडी बहुतेक वेळ उभीच राहते आणि उभी राहण्याचेही पैसे घेते. अशा प्रवासाला गाडी न नेणेच शहाणपणाचे.

३. कंपनीने सांगितलेले अ‍ॅव्हरेज धरायचे की डॅशबोर्डवर दिसते ते?

दोन्ही नको. टाकी पूर्ण भरावी, पंपाच्या नळीचा खटका आपोआप बंद झाला की तेथेच थांबावे आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा खटका पडेपर्यंत भरून, मधल्या किलोमीटरना त्या वेळी भरलेल्या लिटरनी भागावे. असे तीन-चार वेळा केल्यावर मिळणारा आकडा विश्वासार्ह असतो. शहरातल्या रोजच्या वापरातून काढलेले अ‍ॅव्हरेज महामार्गाला लागू होत नाही. मात्र पूर्ण भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर महामार्गाचा आकडाही थोडा कमीच धरावा.

४. वेग कमी ठेवला तर किती फरक पडतो? उशीर होईल त्याचे काय?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने गाडी चालवली, तर वेग चौथ्या हिश्श्याने वाढतो, पण हवेचा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. इंधनाचा खर्च तितका वाढत नाही, कारण टायरचे घर्षण आणि इंजिनातील व्यय हे भाग वेगळ्या रीतीने बदलतात. तरीही फरक टाकी भरताना जाणवण्याइतका असतो. वेळेचे म्हणाल, तर ३०० किलोमीटरना १०० च्या वेगाने ३ तास लागतात आणि ८० च्या वेगाने पावणेचार. म्हणजे ४५ मिनिटे. मुले सोबत असताना एका लांबलेल्या थांब्यातच तेवढा वेळ जातो.

वेगापेक्षाही महाग पडतो तो उतावळेपणा. समोरच्या गाडीच्या मागे चिकटून जाणे, जोरात ब्रेक मारणे आणि लगेच पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबणे, यांमुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के इंधन वाया जाऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात. प्रत्येक ब्रेकमध्ये आपण विकत घेतलेल्या इंधनाची उष्णता होत असते. आणि एक अपवाद: ज्या मार्गावर सगळी वाहतूक वेगाने चालली आहे तेथे इंधन वाचवण्यासाठी एकट्यानेच अतिशय सावकाश जाणे धोक्याचे आहे. डाव्या-उजव्याचा जो नियम असेल त्याप्रमाणे सावकाश गाड्यांची मार्गिका धरावी आणि तिच्या वेगाने जावे.

५. एसी बंद करून खिडक्या उघड्या ठेवल्या तर इंधन वाचते का?

कमी वेगात वाचते. महामार्गावर उघड्या खिडक्या हवेचा विरोध वाढवतात आणि फायदा जवळजवळ उरत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना पहिली एक-दोन मिनिटे खिडक्या उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. खरा अपव्यय होतो तो उभ्या गाडीत: थांब्यावर एसीसाठी इंजिन चालू ठेवल्यास इंजिनाच्या आकारानुसार ताशी साधारण १ ते २ लिटर इंधन जळते आणि गाडी एक मीटरही पुढे जात नाही. मात्र इंजिन बंद करून मुलांना उन्हात गाडीत बसवून ठेवणे, हा बचतीचा मार्ग कधीही होऊ शकत नाही. सगळ्यांनीच खाली उतरावे.

६. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंधन वाचते, असे वडीलधारी मंडळी सांगतात. खरे का?

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत या सल्ल्यामागे काही अर्थ होता. आजच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ती गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, उलट इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते.

७. डिकीत सामान मावत नाही. वर कॅरियर लावावे का?

आधी सामान कमी करता येते का ते पाहावे. वजनाचा फटका तसा सौम्य असतो. साधारण ४५ किलो जादा वजनाने इंधन १ टक्क्याच्या आसपास जास्त लागते. छतावरच्या उंच पेटीचा फटका मात्र जबर असतो, कारण ती वाऱ्याला आडवी येते. वर उल्लेखिलेल्या खात्याच्याच आकड्यांनुसार मोठ्या, बोथट आकाराच्या पेटीमुळे महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्के इंधन जादा जळते. गाडीच्या मागे लावलेल्या रॅकवरच्या पेटीने हेच नुकसान महामार्गावर १ ते ५ टक्क्यांवर येते. पेटीशिवाय गत्यंतर नसेल, तर चालकाने वेग कमी ठेवावा (पाहा प्रश्न ४) आणि जड वस्तू खाली डिकीत, हलक्या वर ठेवाव्यात.

प्रवास संपल्यावर रिकामे कॅरियरही काढून ठेवावे. आमच्या गाडीवर ते एकदा पुढच्या सुट्टीपर्यंत तसेच राहिले होते. वेग वाढला की छतावरून बारीक शिटी वाजत असे आणि ती दाराच्या रबरातून येते, असा आम्ही समज करून घेतला होता.

८. टायरमधील हवेने खरोखर पैसे वाचतात, की हा नुसता सांगीवांगीचा सल्ला आहे?

इंधनाच्या हिशेबात फायदा थोडा आहे: चारही टायरमधील हवा सरासरी १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी झाली, तर अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्याच्या आसपास घटते. मोठे नुकसान टायरचे होते. कमी हवेचा टायर कडांनी झिजतो, धावताना अधिक तापतो आणि भरलेल्या गाडीखाली फुटण्याचा धोका वाढतो. प्रवासात ऐनवेळी मिळेल त्या भावाने घ्यावा लागलेला एक टायर इंधनाची सगळी बचत गिळतो.

हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर पाहावी. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तेथे पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा असतो. कुटुंबाच्या प्रवासाला तोच लागू. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. मधल्या थांब्यावर दाब वाढलेला दिसला, तर हवा सोडू नये, कारण टायर तापल्याने तो वाढलेला असतो. स्टेपनीतील हवाही त्याच वेळी पाहावी. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर तात्पुरते बुजवण्याचा संच असतो, हे रस्त्याच्या कडेला नव्हे तर घरी कळलेले बरे.

९. लांबच्या प्रवासासाठी महागडे प्रीमियम इंधन भरावे का?

गाडीच्या पुस्तिकेत तशी सूचना नसेल तर भरू नये. प्रीमियम पेट्रोलमधील अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक ऊर्जा नव्हे. दाबाखाली इंधन अवेळी पेटू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुस्तिकेत उच्च ऑक्टेन ‘आवश्यक’ म्हटले असेल, तर मात्र तेथे काटकसर करू नये.

स्वस्त पंपाच्या शोधात वाट वाकडी करणाऱ्यांनी जाण्यायेण्याचे किलोमीटर मोजावेत, बहुतेक वेळा तेवढ्यात फायदा संपतो. महामार्गावरचे पंप अनेक ठिकाणी महाग असतात, म्हणून शहर सोडण्यापूर्वी टाकी भरणे हा जास्त सोपा उपाय आहे.

१०. खाण्यावर सर्वांत जास्त पैसे जातात. सगळे घरूनच न्यावे का?

सगळे नव्हे. खाण्यावरचा खर्च कोठे वाढतो हे पाहिले, तर तो ठरवून घेतलेल्या जेवणात फारसा नसतो; दुपारी अडीच वाजता सगळे भुकेने वैतागलेले असताना जे पहिले ठिकाण दिसेल तेथे, जे समोर येईल ते, जादाच मागवले जाते तेथे असतो. म्हणून घरून न्यायचे ते भूक लांबवणारे पदार्थ: फळे, सुका मेवा, पाव, आणि पुष्कळ पाणी. दिवसातून एक जेवण बाहेर बसून, निवांत घ्यावे. ते दुपारचे ठेवल्यास बहुधा रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडते आणि चालकाला विश्रांतीही मिळते.

थंड पेटीसाठी विकतचा बर्फ लागत नाही. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवाव्यात. मात्र त्या काठोकाठ भरू नयेत, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बाटली फुटते. अख्खी गोठलेली बाटली बर्फाच्या चुऱ्यापेक्षा सावकाश वितळते आणि वितळल्यावर प्यायला थंड पाणी देते. शक्य असल्यास दोन पेट्या कराव्यात, एक पाण्याची आणि एक खाण्याची, म्हणजे दर दहा मिनिटांनी पाणी मागणाऱ्या हातांमुळे खाण्याच्या पेटीतील गारवा जात नाही. नाशवंत पदार्थ बाहेरच्या तापमानात २ तासांपेक्षा जास्त, आणि ३२ अंश सेल्सियसच्या वर तापमान असेल तर १ तासापेक्षा जास्त ठेवलेला असेल, तर तो टाकून द्यावा. तो वाचवून पोट बिघडल्यास होणारा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

११. मुक्काम स्वस्तात कसा मिळवावा?

सुट्टीचे दिवस सोडून आठवड्याच्या मधल्या दिवसांत गेल्यास, आणि प्रसिद्ध ठिकाणाच्या अगदी मध्यभागी न राहता थोडे अलीकडे थांबल्यास दर उतरतो. गाडी सोबत असल्याने ते अंतर खुपत नाही. मात्र दराच्या पाटीवर न दिसणाऱ्या गोष्टी आधी विचाराव्यात: गाडी उभी करण्याचे वेगळे पैसे आहेत का, मुलांसाठी जादा गादीचे किती, न्याहारी धरून दर आहे का, कर त्यात आहे का. पाच जणांना दोन खोल्या घ्याव्या लागत असतील, तर स्वयंपाकघर असलेले एक छोटे घर अनेकदा स्वस्त पडते, विशेषतः तीन रात्री किंवा अधिक राहायचे असल्यास. एका रात्रीसाठी मात्र घराचे सफाईशुल्क सगळा फायदा खाऊन टाकते. विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण थोडे महाग असले, तरी लहान मुले असलेल्यांनी तेच घ्यावे. मुलांना ताप येण्याची वेळ सांगून येत नाही.

१२. रात्रभर गाडी चालवली तर एका मुक्कामाचे पैसे वाचतात. असे करावे का?

नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे, आणि पहाटे दोन ते सहा या वेळात झोपेचा अंमल सर्वांत तीव्र असतो. गाणी, गार वारा किंवा चहा-कॉफी यांनी झोप टळत नाही, थोडी पुढे ढकलली जाते. शिवाय पैशांच्या हिशेबातही हा बेत फसतो. सकाळी सातला पोहोचलेल्या कुटुंबाला खोली दुपारी मिळते, आणि मग पेंगुळलेल्या मुलांना घेऊन कोठे बसायचे या प्रश्नाचे उत्तर पैसे खर्चूनच मिळते. रात्री लवकर झोपून पहाटे, झोप पूर्ण झाल्यावर निघणे हा याहून चांगला मार्ग आहे: रस्ते मोकळे असतात आणि पहिले दोन-तीन तास मुले झोपलेलीच असतात. दर दोन तासांनी १५ मिनिटांचा थांबा सोडू नये.

१३. टोलचा रस्ता टाळावा का?

दोन आकडे काढावेत. टोलमुक्त रस्ता टोलच्या रस्त्यापेक्षा जितके किलोमीटर जास्त लांब आहे त्यांना अ‍ॅव्हरेजने भागून इंधनाच्या दराने गुणावे. ही रक्कम टोलपेक्षा कमी असेल, तर रस्ता कागदावर स्वस्त ठरतो. मग वेळ पाहावा. लांबच्या रस्त्याने दोन तास जास्त लागून एक जेवण वाढत असेल किंवा अंधार पडून मध्येच मुक्काम करावा लागत असेल, तर टोल भरणेच स्वस्त. गावागावांतून, गतिरोधकांवरून जाणाऱ्या रस्त्याला अ‍ॅव्हरेजही महामार्गापेक्षा कमी धरावे. रस्ताच पाहण्यासारखा असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवायला हरकत नाही.

१४. घरची गाडी जुनी आहे. भाड्याने घेतली तर कोठे फसायला होते?

मूळ भाड्यात क्वचितच, त्यावरच्या आकारांत नेहमी. दुसऱ्या चालकाचे नाव घालण्याचे पैसे, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे पैसे, दिवसाची किलोमीटर मर्यादा आणि विमानतळावरून गाडी घेतल्यास लागणारा अधिभार, हे चारही आरक्षणापूर्वी विचारावेत. इंधनाबाबत ‘पूर्ण टाकी घ्यावी, पूर्ण टाकी द्यावी’ हीच अट स्वीकारावी. विम्यात आपल्याला किती नुकसान स्वतः सोसावे लागते, ती रक्कम पाहावी. जादा विमा घेण्यापूर्वी आपल्या कार्डावर किंवा जुन्या पॉलिसीत ते संरक्षण आधीच आहे का, तेही तपासावे. अनामत म्हणून कार्डावर मोठी रक्कम अडकवली जाते, त्यामुळे तेच एक कार्ड घेऊन निघू नये.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काचा, चाकांच्या रिम आणि इंधनाचा काटा यांचे फोटो काढावेत. आमच्याकडे एकदा मागच्या दारावरील जुन्या ओरखड्याचे पैसे मागण्यात आले होते. घेताना काढलेल्या फोटोत तो दिसत असल्याने विषय तेथेच मिटला. मुलांचे आसन भाड्याने घेण्यापेक्षा घरचे नेणे बहुधा स्वस्त असते आणि ते कसे बसवायचे हे हातांना माहीत असते.

१५. आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. वरचे सल्ले लागू होतात का?

वेगाचा सल्ला (प्रश्न ४) अधिकच लागू होतो, कारण इंजिनातील व्यय नसल्याने एकूण खर्चात हवेच्या विरोधाचा वाटा मोठा असतो. वेगवान चार्जिंग हे घरच्या चार्जिंगपेक्षा महाग असते आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर त्याचा वेग पुष्कळ कमी होतो. मिनिटांवर आकारणी असेल, तर शेवटच्या २० टक्क्यांना सर्वांत जास्त पैसे पडतात. म्हणून ८० टक्क्यांना निघावे आणि रात्री गाडी सावकाश चार्ज करता येईल असा मुक्काम निवडावा. चार्जिंग पूर्ण झाल्यावर गाडी तेथेच ठेवल्यास अनेक ठिकाणी वेगळा दंड लागतो. थंडीत पल्ला घटतो, तेव्हा थांबे जवळजवळ धरावेत.

१६. दोन कुटुंबे मिळून जात आहोत. खर्च कसा वाटावा म्हणजे नंतर वाईटपणा येणार नाही?

इंधन आणि टोल गाडीमागे, मुक्काम खोलीमागे आणि खाणे माणशी, लहान मुलांचे अर्धे धरून, असा हिशेब बहुतेकांना पटतो. तो निघण्यापूर्वीच ठरवावा. सगळ्यांनी सारखी रक्कम काढून एकाच पाकिटात ठेवावी आणि सामाईक खर्च त्यातूनच करावा. प्रत्येक पावतीवर ‘मी देतो, मी देतो’ असे करत राहिल्यास शेवटी कोणी किती दिले हे कोणालाच आठवत नाही. एकाच कुटुंबाची गाडी वापरल्यास इंधनावर थोडी रक्कम झिजेपोटी द्यावी. मात्र खर्चापेक्षा जास्त, नफा होईल इतके पैसे घेऊ नयेत: अनेक देशांत ते भाडोत्री वाहतूक मानले जाते आणि अपघात झाल्यास खासगी विमा नाकारला जाऊ शकतो.

१७. मुले प्रत्येक दुकानापाशी हट्ट करतात. काय करावे?

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात संपूर्ण प्रवासाची ठरलेली रक्कम द्यावी आणि उरलेले पैसे त्याचेच, असे सांगावे. स्वतःचे पैसे मोजताना मुले विलक्षण चिकट होतात. ती रक्कम दुसऱ्याच दिवशी संपली, तर भर घालू नये. हा भाग मुलांपेक्षा आजी-आजोबांना अवघड जातो.

१८. गाडीने दुसऱ्या देशात जायचे असेल तर कोणते खर्च अनपेक्षित असतात?

गाडीचा विमा सीमेपलीकडे चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. अनेक पॉलिसी सीमेवर संपतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या आणि १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार वेगवेगळ्या नमुन्यांत मिळतो आणि काही देश त्यांपैकी एकच मानतात, तेव्हा कोणता चालतो ते आधी पाहावे. गाडी भाड्याची असेल, तर सीमा ओलांडण्याची परवानगी करारात असावी लागते (पाहा प्रश्न १४). कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘तुमच्या चलनात द्यायचे का’ असे विचारल्यास नकार द्यावा आणि स्थानिक चलन निवडावे, कारण त्या रूपांतराचा दर बहुधा बँकेपेक्षा वाईट असतो. नकाशे घरीच उतरवून घेतल्यास रोमिंगचा खर्च टळतो.

१९. राखीव म्हणून किती पैसे ठेवावेत, आणि काटकसर कोठे करू नये?

एक जादा मुक्काम, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि एक टायर, एवढ्याची बेरीज ही किमान राखीव रक्कम समजावी. ती खर्चाच्या पाकिटापासून वेगळी, शक्यतो दुसऱ्या कार्डावर ठेवावी. विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची सेवा अनेकदा आधीच मिळालेली असते, हे पुष्कळांना माहीत नसते. पॉलिसी वाचून त्या सेवेचा फोन क्रमांक कागदावर लिहावा आणि तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा, कारण नेमका तेव्हाच फोन बंद पडतो. टायर, ब्रेक, मुलांची आसने, औषधे आणि झोप यांवर पैसे वाचवू नयेत. टायरच्या खाचा अनेक देशांतील कायदेशीर किमान मर्यादेच्या, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या जवळ आल्या असतील, तर ते निघण्यापूर्वी, चार ठिकाणी भाव विचारून बदलावेत.